चार नंबरच्या कोर्टात आपली तारीख

९ जानेवारी

ताई,

आजही काही झालं नाही. सकाळी दहापासून मी चार नंबरच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून होते. बाबांच्या केसचा पुकारा झाला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटं होती. न्यायाधीशांनी फाईल उघडली, घड्याळाकडे पाहिलं, पुढची तारीख दिली आणि फाईल मिटली. एवढ्यासाठी मी दुकानातून सुट्टी घेतली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "काचा काय आपोआप घासल्या जाणार आहेत का?" त्यांचंही बरोबर आहे. चष्मा आज देतो म्हणून सांगितलेली माणसं काउंटरशी येऊन भांडतात, आणि फ्रेममध्ये काच बसवणारी मी एकटीच.

कारण तुला माहीत असेलच. त्या सिनेमातल्या हिरोची केस त्याच कोर्टात आहे. त्याची सेक्रेटरी त्याच्या बंगल्याच्या जिन्याखाली मेलेली सापडली. ती पाय घसरून पडली की त्याने ढकललं, एवढं ठरवायला वरून आदेश आलाय, रोज सुनावणी घ्या. रोज! बाबांना जाऊन चार वर्षं झाली, त्यांच्यासाठी असा आदेश कुणी काढला नाही. गेटवर कॅमेरेवाले, रस्त्यावर हिरोचे फोटो धरून उभ्या असलेल्या मुली. आज पट्टेवाल्याने मला अडवलं. "तुम्ही कोणाच्या बाजूच्या? हिरोच्या की सेक्रेटरीच्या?" मी म्हटलं, "लिफ्टच्या." तो हसला. मला नाही हसू आलं.

घरी आले तर आई टीव्हीसमोर. मी चपला काढायच्या आत तिचा प्रश्न, "त्याचा ड्रायव्हर आज काय म्हणाला? तू तिथेच होतीस ना?" हिरोच्या केसमधला एकेक साक्षीदार तिला पाठ आहे. बाबांच्या केसचं काय झालं, हे तिने एकदाही विचारलेलं नाही.

तुझं समन्स दुसऱ्यांदा परत आलं. 'पत्त्यावर आढळली नाही.' हे पत्र त्याच पत्त्यावर येतंय. मग तू फक्त कोर्टालाच कशी सापडत नाहीस?

बारकी


३० जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. नसू दे.

आज सरकारी वकीलबाई भेटल्या. त्यांच्याकडे एका वेळी चाळीस केसेस असतात, जेवायला वेळ नसतो म्हणून पर्समध्ये बिस्किटं. एक मला दिलं आणि फाईल उघडून तुझा पोलिसांनी घेतलेला जबाब वाचून दाखवला. चार ओळींचा. त्या दिवशी तू बिल्डिंगच्या रिसेप्शनवर होतीस. बाबा तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करत होते. वरच्या मजल्यावर पाहुणे जायचे होते, म्हणून मॅनेजर घाईत होता. त्याने तुला विचारलं, "तुझे वडील वर आले का?" तू म्हणालीस, "बघून सांगते." त्याने न थांबता लिफ्ट चालू केली. बस. जबाब इथे संपतो.

"मॅनेजर म्हणतो, ती मान डोलवून 'हो' म्हणाली," वकीलबाई म्हणाल्या. "आता त्याचं खरं की तुमच्या बहिणीचं, हे सांगायला दोनच माणसं आहेत. एक ती, आणि दुसरा वॉचमन. मॅनेजरने 'काम चालू'ची पाटी स्वतःच्या हाताने काढली, हे त्याने पाहिलंय. बहीण येणार का?"

मी म्हटलं, येईल. खोटं बोलले.

आई तुला काय म्हणाली होती ते मी विसरलेले नाही. 'तूच मारलंस त्यांना.' मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, आणि एक शब्द बोलले नाही. त्याचा राग माझ्यावर काढ ना. बाबांवर कशाला?

वॉचमनची साक्ष वीस फेब्रुवारीला आहे. त्याला मी स्वतः घेऊन जाणार आहे.

बारकी


२१ फेब्रुवारी

ताई,

वॉचमन फितूर झाला.

काल पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "मी तेव्हा गेटवर होतो. मी काही पाहिलं नाही." वकीलबाईंनी त्याचा जुना जबाब त्याच्यापुढे धरला. तो म्हणाला, "पोलिसांनी काय लिहिलं, मला माहीत नाही." हा तोच माणूस ना, ज्याने बाबांना खड्ड्यातून वर काढायला मदत केली होती? आपल्या घरी येऊन खुर्चीत बसून रडला होता?

सकाळी मीच त्याला घेऊन गेले होते. बाकावर बसवलं, चहा दिला. तोपर्यंत ठीक होता. मधे मी पाणी आणायला गेले, तेवढ्यात मॅनेजरच्या माणसांनी त्याला गाठलं असणार. ही गर्दी! हिरोच्या नादाने सगळा मजला माणसांनी भरलेला. कोण कुणाशी काय बोलतंय, कोणाला पत्ता? त्या हिरोच्या केसने आपलं वाटोळं केलं. माझं डोकं फिरलंय. आज दुकानात तीन काचा चुकीच्या कापल्या.

आता फक्त तू उरलीस. मी विनवण्या करणार नाही. पण तू आली नाहीस तर मॅनेजर सुटेल, आणि कागदावर कायमचं राहील की बाबांच्या मुलीने मान डोलावली.

बारकी


२७ फेब्रुवारी

ताई,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. सहा दिवस ते घशात अडकलंय.

मी पाणी आणायला गेले नव्हते.

वॉचमन बाकावर बसला होता. आपला पुकारा व्हायला वेळ होता. तेवढ्यात पट्टेवाला हळूच म्हणाला, "लिफ्टवाल्या बाई, आत चला, आज हिरोच्या स्वयंपाकिणीची उलटतपासणी आहे. मागे जागा आहे एक." मी वॉचमनला म्हटलं, "दादा, बसा हं, मी आलेच." तो म्हणाला, "लवकर या, मला इथे भीती वाटते." असं म्हणाला तो. मी ऐकलं, आणि तरी गेले.

आणि तीन तास बाहेर आले नाही.

कशी सांगू? आधी मी आत जायचे ती आपला नंबर कधी येतो ते बघायला. मग कळायला लागलं, कुठला वकील कुठे अडकवतो, कुठला साक्षीदार कुठे घसरतो. घरी आल्यावर आईशी त्यावर बोलायचे. चार वर्षांत आम्ही दोघी एकमेकींशी एवढं बोललो नव्हतो. दुकानातही गिऱ्हाइकं विचारायची, मी ऐटीत सांगायचे. शपथेवर सांगते, काही तारखांना आपली केस पुढे गेली याचं मला वाईटसुद्धा वाटलं नाही.

माझ्या पुढच्या रांगेत दर वेळी एक म्हातारी बाई बसायची. तिची मान मधे यायची, म्हणून मी तिला दोनदा म्हटलं, जरा सरका. काल कळलं, ती त्या मेलेल्या सेक्रेटरीची आई. मी तिच्या डोक्यावरून वाकून तिच्या मुलीच्या मरणाची हकीगत चवीने ऐकत होते.

बाहेर आले तेव्हा वॉचमनशेजारी मॅनेजरचा भाऊ बसला होता. त्याने एक हात वॉचमनच्या गुडघ्यावर ठेवला होता. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा हिरोने आपलं वाटोळं केलं नाही. मी केलं. आता तू मला हवं ते म्हण.

बारकी


१८ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दीड ओळ. 'त्या स्वयंपाकिणीचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं. मला जमणार नाही.'

म्हणजे तूही बघतेस. चौदा तासांच्या अंतरावर बसून तूही तेच बघतेस!

मग ऐक. टीव्हीवाल्यांना आत कॅमेरा आणता येत नाही. त्यांनी तुला दाखवलं ते बाहेर उभं राहून रंगवलेलं. मी आत होते. निदान तेवढा तरी माझ्या त्या तीन तासांचा उपयोग होऊ दे.

हिरोचे मोठे वकील तिला म्हणाले, "बाई, तुम्हाला चष्मा आहे. तो त्या दिवशी डोळ्यांवर होता का?" ती म्हणाली, "नव्हता." सगळे हसले. संध्याकाळी टीव्हीवर तेच, आंधळी साक्षीदार. ताई, मी सबंध दिवस काचा हाताळते. तिने चष्मा हातात धरला होता, मला लांबून काच दिसली. वाचायचा चष्मा होता तो, जवळचा. लांबचं त्या बाईला तुझ्यामाझ्याइतकंच स्वच्छ दिसत असणार. मला उठून ओरडावंसं वाटलं. पण तिनेच सांगितलं, अगदी सावकाश, "साहेब, हा पोथी-पुस्तक वाचायचा आहे. जिना बघायला मला लागत नाही." टीव्हीवर हे आलं? नाही आलं.

मग तिच्यावर नाही नाही ते आरोप. चोरी केली, कामावरून काढलं म्हणून सूड घेतेय. ती रडली, हे खरं. पण शेवटी टायपिस्टने तिची साक्ष वाचून दाखवली, त्यात लिहिलं होतं, 'त्यांनी तिला ढकलल्यासारखं मला वाटलं.' ती म्हणाली, "थांबा. मी 'वाटलं' म्हटलं नाही. 'पाहिलं' म्हटलं." मोठे वकील उठले. न्यायाधीशांनी हाताने त्यांना बसवलं आणि तो शब्द बदलून घेतला. मग ती बाई पदर सारखा करून खाली उतरली, आणि माझ्या शेजारून बाहेर गेली.

तुला असं कुणी फाडणार नाही, असं मी म्हणत नाही. फाडतील. पण आपल्या केसला बघायला कुणी येत नाही, ताई. पाच माणसं असतील. त्यातली एक मी.

तू घाबरतेस ते वकिलाला, की आणखी कशाला? दोन वर्षं तू त्याच बिल्डिंगमध्ये फोनवर आणि समोर माणसं हाताळलीस. तुला मी कधी कुणाला घाबरताना पाहिलं नाही. म्हणून विचारते.

पुढची तारीख चार मे.

बारकी


६ मे

ताई,

तू पोचलीस का? तू आलीस, साक्ष दिलीस आणि तीन तासांत परत निघून गेलीस. मला अजून ते खरं वाटत नाही.

हिरो आदल्याच आठवड्यात सुटला होता. पुरावा अपुरा. बाहेर ढोल वाजले, आणि दुसऱ्या दिवशी त्याने तीन चॅनलवर अब्रुनुकसानीचे दावे लावले. कॅमेरे सगळे त्या दुसऱ्या कोर्टाकडे पळाले. म्हणून आपल्या तारखेला मजला रिकामा होता. पट्टेवाला मला म्हणाला, "आज तुमचाच दिवस." पुकारा साडेअकराला झाला. चार वर्षांत पहिल्यांदा सकाळी.

तू सरळ उभी होतीस. मॅनेजरचा वकील कंटाळल्यासारखा विचारत होता. "तुम्ही मान डोलावलीत."

"नाही. मी पाठमोरी होते. पाटी त्यांनी स्वतः काढली, हे मी समोरच्या काचेत पाहिलं."

"पण तुम्ही 'बघून सांगते' म्हणालात आणि बघायला गेला नाहीत."

"नाही गेले."

"का?"

"फोन आला."

"कोणाचा?"

मला वाटलं, तू विसरली असशील. न्यायाधीश म्हणाले, "उत्तर द्यावं लागेल." तेव्हा तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस.

"आईचा," म्हणालीस.

"काय म्हणत होत्या?"

"येताना औषध आण म्हणत होती. मी ठेवते म्हणाले, पण ती बोलत राहिली. रिसीव्हर माझ्या हातात असतानाच आवाज आला."

"म्हणजे चूक तुमचीही होती."

"होती. मी फोन तिथेच टाकून जायला हवं होतं. पण त्यांनी उत्तराची वाट बघायला हवी होती. लिफ्ट चालू करायची किल्ली त्यांच्याकडे होती."

ताई, म्हणून तू चार वर्षं आली नाहीस? याआधीच्या वर्षांत मी तुला काय काय लिहिलं! भित्री, स्वार्थी, बाबांची मुलगी नाहीस. त्यातली पहिली दोन पत्रं तर पोस्टात टाकायच्या आधी माझी मलाच वाचवत नव्हती, तीही तुला पाठवली. आईने तोंडावर 'तूच मारलंस' म्हटलं, तेव्हा तुला एक वाक्य पुरलं असतं. ते तू गिळलंस आणि गाव सोडलंस. आणि पोलिसांना दिलेल्या जबाबात चारच ओळी का, ते मला आत्ता कळतंय.

कोर्टाच्या पायऱ्यांवर तू म्हणालीस, "तिला सांगू नकोस." नाही सांगणार. पण तू घरी आली असतीस तर! दहा मिनिटं.

आईने विचारलं, आज काय झालं? आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, ताईने चांगली साक्ष दिली. ती म्हणाली, "जेवली का ती?" मला माहीत नव्हतं.

बारकी


१२ जुलै

ताई,

निकाल लागला. मॅनेजर दोषी. दीड वर्ष शिक्षा. तासाभरात जामीन झाला, तो वरच्या कोर्टात अपील करणार आहे, म्हणजे पुन्हा तारखा. मी वकीलबाईंना म्हटलं, मग आपण मिळवलं काय? त्या म्हणाल्या, "कागद वाचा."

पेपरात एक ओळही आली नाही. त्या दिवशी हिरोच्या दाव्यात कुठल्याशा चॅनलने माफी मागितली, सगळ्या बातम्या त्याच. आई दुपारपासून टीव्हीसमोर बसून होती. पाच वाजता मला म्हणाली, "आपलं कधी दाखवणार?" मी म्हटलं, आई, आपलं नाही दाखवत. तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "निकालाचा कागद आणलास ना? वाच."

एक्केचाळीस पानं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचायला लागले. प्रत्येक पानाचा नंबर वाचत होते, सवयीने. तिथेच फसले. तुझी साक्ष तेविसाव्या पानावर आहे. मी बावीस वाचलं आणि चोवीसवर गेले.

"तेवीस कुठे गेलं?"

"त्यात काही नाही, कलमं आहेत."

"बारके, मी चार महिने कोर्टाच्या बातम्या ऐकल्यात. मला कलमं कळतात. वाच."

ताई, मी काय करणार होते? मी वाचलं. फोन, औषध, सगळं. न्यायाधीशांनी त्याखाली लिहिलंय की, या साक्षीदाराने स्वतःची चूक लपवली नाही, म्हणून तिच्या बाकीच्या सांगण्यावर विश्वास ठेवायला हे न्यायालय कचरत नाही. आईकडे बघायची हिंमत नव्हती.

ती म्हणाली, "परत वाच."

परत वाचलं.

मग म्हणाली, "मला माहीत आहे ग. फोनवर मीच होते ना? तो आवाज मीही ऐकला. मला वाटलं, तिच्या हातून काहीतरी पडलं. मी विचारलं, काय पाडलंस ग?"

ती टेबलावरचा कागद हाताने सपाट करत राहिली.

"मग तिला तसं का बोललीस?"

"मला वाटलं, ती उलटून म्हणेल, तूच तर फोन केला होतास. म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी रोज वाट बघत होते. ती म्हणालीच नाही. बॅग भरून निघून गेली. मग मी कुठल्या तोंडाने बोलवायचं तिला?"

तुला दिलेला शब्द मी मोडला, हे खरं. पण ज्याच्यापासून तू तिला वाचवत होतीस, ते तिच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. तुम्ही दोघी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत बसलात, आणि मी मधल्या मधे दोघींवर चिडत होते. आताही चिडलेलीच आहे. चार वर्षं, ताई!

दुसऱ्या दिवशी दुकानातून आले तर आईने पिशवी भरून ठेवली होती. मला न विचारता शेजारणीला घेऊन स्टेशनवर जाऊन तिकीट काढून आली. जी बाई कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मला सोबत घेतल्याशिवाय जात नाही, ती! मी म्हटलं, मी येते बरोबर. तर म्हणाली, "नको. तू मधे मधे बोलतेस."

शनिवारी सकाळी साडेसहाला गाडी पोचते. सातवा डबा, खिडकीची जागा. ती आल्या आल्या काही बोलणार नाही. घरातल्या पसाऱ्याबद्दल नाहीतर तुझ्या वाळलेल्या तब्येतीबद्दल बोलेल, तू मनावर घेऊ नकोस. तिचे गुडघे फार दुखतात हल्ली. गाडीची पायरी उंच असते, उतरताना तिला हात दे.

बारकी